ममत्व आणि स्वामित्व

‘माझें’ हा शब्द आपण दिवसांतून कितीदां उच्चारतों याची गणती नाहीं. परंतु त्या एका शब्दांत दोन अगदीं भिन्न अर्थ दडलेले आहेत, इकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. ‘माझें घर’ म्हणतांना ज्याचें खरेदीखत माझ्या पेटींत आहे तें घर, असा एक अर्थ असतो. ‘माझें गांव’ म्हणतांना ज्याची वीतभर जमीनहि माझ्या नांवावर नाहीं, तथापि ज्याची निंदा ऐकतांच मला राग येतो तें गांव, असा दुसरा अर्थ असतो. पहिल्यास आपण स्वामित्व म्हणूं, दुसऱ्यास ममत्व. स्वामित्वाची नोंद सरकारी दप्तरांत होते, त्याची विक्री होते, त्याचा वारसा चालतो. ममत्वाची नोंद कोठेंच होत नाहीं. बहुतेक वेळां हीं दोन एकमेकांच्या शेजारीं सुखानें नांदतात. परंतु एकाच वस्तूवर एकाचें स्वामित्व आणि लाखोंचें ममत्व असलें, आणि स्वामी ती वस्तु उचलून दुसरीकडे नेऊं लागला, म्हणजे मोठा प्रश्न उभा राहतो. अशा वेळीं ममत्वास कांहीं अधिकार आहे काय? असल्यास तो कोणता?

हा प्रश्न आम्ही तत्त्वज्ञानाच्या परिभाषेंत न मांडतां अमेरिकेंतील एका मध्यम आकाराच्या शहराच्या क्रीडा-इतिहासाच्या आधारें मांडणार आहों. खेळाच्या गोष्टी गंभीर विवेचनास शोभत नाहींत, असें कित्येक वाचकांस वाटेल. आमचें मत उलट आहे. भाकरीसाठीं माणूस भांडला तर तो भुकेपायीं भांडला कीं न्यायासाठीं, हें सांगणें कठीण असतें. परंतु चेंडूच्या खेळासाठीं एखादें शहर कोर्टाची पायरी चढलें, तर त्याचें नेमकें काय हरवलें होतें, हें शांतपणें विचारतां येतें.

मिल्वॉकी हें विस्कॉन्सिन राज्यांतील, मिशिगन सरोवराच्या पश्चिम कांठावरील शहर. २०२० सालच्या शिरगणतींत त्याची लोकसंख्या सुमारें ५ लक्ष ७७ हजार भरली. एकोणिसाव्या शतकांत तेथें जर्मन लोकांनीं मोठी वसाहत केली आणि त्यांच्या बिअरच्या कारखान्यांनीं शहर नांवारूपास आणलें. तेथील गोष्ट सांगण्यापूर्वी एक खुलासा केला पाहिजे. आपल्याकडे संघ म्हटला म्हणजे जिमखान्याचा, कॉलेजचा किंवा प्रांताचा संघ डोळ्यांपुढें येतो. अमेरिकेंतील धंदेवाईक बेसबॉलचा संघ ही मालकाची खासगी मिळकत असते. खेळाडूंचे करारनामे, संघाचें नांव आणि लीगमध्यें खेळण्याचा परवाना, हें सर्व त्याच्या मालकीचें. खेळाडूंच्या छातीवर शहराचें नांव असतें, पण शहरास त्यावर कायद्यानें कांहीं हक्क नसतो. मैदान मात्र पुष्कळदां सार्वजनिक पैशानें बांधलेलें असतें.

मिल्वॉकी कौंटीनें असेंच एक भव्य मैदान लोकांच्या पैशांतून बांधलें. तें पुरें होण्याच्या सुमारास, १९५३ च्या मार्च महिन्यांत, बोस्टनच्या ‘ब्रेव्ज’ संघाचे मालक लू पेरिनी यांनीं आपला संघ तेथें हलविला. हा संघ १८७१ पासून बोस्टनचा होता. परंतु १९५२ च्या सबंध हंगामांत त्यास २ लक्ष ८१ हजार प्रेक्षकच लाभले होते. मिल्वॉकीनें पहिल्याच वर्षीं १८ लक्षांवर प्रेक्षक दिले. १९५७ सालीं हा आंकडा २२ लक्षांपलीकडे गेला, आणि त्याच वर्षीं ब्रेव्ज संघानें न्यूयॉर्कच्या ‘यँकीज’ संघाचा चारास तीन अशा सामन्यांनीं पाडाव करून ‘वर्ल्ड सीरीज’ जिंकली. शहराची लोकवस्ती तेव्हां साडेसात लक्षांच्या आंतच होती, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या लोकांनीं या संघास किती जवळ केलें होतें याची कल्पना येते. हँक ॲरन हा थोर कृष्णवर्णीय फलंदाज १९५४ पासून याच संघांतून खेळूं लागला.

पुढें ओहोटी लागली. १९६२ सालीं प्रेक्षकांची संख्या ७ लक्ष ६७ हजारांवर आली. त्याच वर्षाच्या अखेरीस पेरिनी यांनीं संघ शिकागोकडील कांहीं धनिकांस विकला. दक्षिणेंत अटलांटा शहर नवें मैदान बांधीत होतें, आणि तेथून दूरचित्रवाणीचा विस्तीर्ण मुलूख हातीं येणार होता. १९६४ सालीं नव्या मालकांनीं जाण्याचें ठरविलें. परंतु मैदानाच्या भाडेपट्ट्यामुळें १९६५ चा हंगाम त्यांस मिल्वॉकींतच काढावा लागला. जाणारा पाहुणा एक वर्ष ओसरीवर बसून राहावा, तसा तो हंगाम गेला. १९६६ सालीं संघ अटलांटास गेला.

विस्कॉन्सिन राज्यानें फिर्याद केली. एप्रिल १९६६ मध्यें न्यायाधीश एल्मर रोलर यांनीं निकाल दिला कीं, लीगनें राज्याच्या मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग केला आहे. जुलैमध्यें राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें तो निकाल चारास तीन अशा मतांनीं फिरविला, आणि संयुक्त संस्थानांच्या सुप्रीम कोर्टानें पुढें दखल घेण्याचें नाकारलें. बेसबॉल हा मक्तेदारीविरोधी कायद्याच्या कक्षेबाहेर आहे, असा त्या कोर्टाचा १९२२ सालापासूनचा दंडक होता. आणि देशभर चालणाऱ्या या धंद्यास एका राज्याच्या कायद्यानें आवरतां येत नाहीं, असा विस्कॉन्सिनच्या बहुमताच्या निकालाचा रोख होता. मिल्वॉकीची हानि झाली नाहीं असें त्यांनीं म्हटलें नाहीं. त्या हानीस कायद्याच्या पुस्तकांत रकाना नव्हता, एवढेंच.

आतां मालकाची बाजू प्रथम प्रामाणिकपणें मांडली पाहिजे. गिऱ्हाईक तुटलें म्हणजे किराण्याचा दुकानदार दुकान हलवितो. जुनीं गिऱ्हाइकें हळहळतात, पण फिर्याद करीत नाहींत. मिल्वॉकीचे प्रेक्षक पांच वर्षांत २२ लक्षांवरून पावणेआठ लक्षांच्या आंत आले, तेव्हां प्रथम कोणाचें मन विटलें? ज्यांनीं तिकिटें घेणें सोडलें, त्यांनीं ममत्वाच्या नांवानें गळा काढावा, हें न्यायाचें आहे काय? शिवाय ममत्वास अधिकार मानावयाचा, तर जो अधिक रडेल तो अधिक मालक, असा विचित्र प्रसंग ओढवेल.

या युक्तिवादांत तथ्य आहे; परंतु दुकानाचा दृष्टान्त येथें पुरा लागू पडत नाहीं. साखर विकणारा साखर देतो व दाम घेतो; गिऱ्हाइकाचें प्रेम त्या साखरेंत मिसळलेलें नसतें. खेळाचा संघ ही वस्तूच निराळी आहे. ओस मैदानांत नऊ निष्णात खेळाडू उत्तम खेळले, तरी त्या खेळास बाजारांत किंमत नाहीं. बाप मुलास बोट धरून नेतो, शेजारी शेजाऱ्याशीं कालच्या पराभवाबद्दल हुज्जत घालतो, कारखान्यांतला कामगार जेवणाच्या सुटींत आंकडे पाठ म्हणतो, तेव्हां त्या संघास मोल येतें. मालक जें विकतो त्याचा मोठा अंश विकत घेणाऱ्यांनींच निर्माण केलेला असतो. शिवाय मालक तें ममत्व हात जोडून मागतो. तो शहराचें नांव धारण करतो, ‘हा तुमचा संघ’ म्हणून सांगतो, आणि त्या नात्यावर लोकांकडून मैदान बांधवून घेतो. ज्यानें ममत्व आमंत्रण देऊन मिळविलें आणि त्यावर धन जोडलें, त्यास ‘ती केवळ बाजारांतील मागणी होती’ असें मागाहून म्हणतां येणार नाहीं. न मागितलेल्या प्रेमाचें ऋण कोणावर नसतें. मागून घेतलेल्या प्रेमाचें असतें. ममत्वामुळें लोकांस स्वामित्व प्राप्त होत नाहीं, हें खरें. परंतु स्वामीवर मात्र विश्वस्ताचें कर्तव्य येऊन पडतें.

येथवर वाचकांची सहानुभूति मिल्वॉकीकडे असेल. परंतु पुढचें प्रकरण वाचल्याशिवाय निकाल देणें योग्य होणार नाहीं.

ब्रेव्ज गेल्यावर त्या संघाचे एक छोटे भागीदार व मोटारींचे व्यापारी बड सेलिग यांनीं शहरास पुन्हा संघ मिळवून देण्याचा ध्यास घेतला. पश्चिम किनाऱ्यावरील सिॲटल शहरास १९६९ सालीं ‘पायलट्स’ नांवाचा नवा संघ मिळाला होता. पहिल्या हंगामांत त्यास सुमारें ६ लक्ष ७८ हजार प्रेक्षक लाभले; परंतु मालकांचें दिवाळें वाजलें. १९७० च्या मार्चअखेर नादारीच्या कोर्टानें हा संघ सेलिग यांच्या मंडळास १ कोटि ८ लक्ष डॉलरांस विकण्याची परवानगी दिली. हंगाम सुरू होण्यास आठवडाच उरला होता. संघाच्या सामानाची गाडी सिॲटलकडे वळवावयाची कीं मिल्वॉकीकडे, हें ठरेपर्यंत ती युटा राज्यांतील प्रोव्हो गांवीं थांबवून ठेवली होती. गणवेशांवरील ‘पायलट्स’ हीं अक्षरें उसवून त्या जागीं ‘ब्रूअर्स’, म्हणजे बिअर करणारे, हें नांव शिवण्यांत आलें. जुन्या अक्षरांच्या खुणा कापडावर दिसतच राहिल्या. ७ एप्रिल १९७० रोजीं मिल्वॉकीच्या त्याच मैदानावर सुमारें ३७ हजार लोक जमले. त्यांचा नवा संघ १२ विरुद्ध ० असा हरला, तरी लोकांच्या आनंदास पारावार नव्हता.

त्या दिवशीं सिॲटलांतहि कोणी बाप आपल्या मुलास कांहीं समजावून सांगत असेलच. चार वर्षांपूर्वीं मिल्वॉकीनें जो आक्रोश केला होता, तोच आतां सिॲटलच्या तोंडीं आला. त्या शहरानेंहि लीगवर फिर्याद केली, आणि १९७७ सालीं ‘मॅरिनर्स’ नांवाचा नवा संघ मिळाल्यावर तो वाद मिटला. मागें वळून पाहिलें, तर मिल्वॉकीस ब्रेव्ज मिळाले तेहि ८२ वर्षें बोस्टनमध्यें काढून आलेले होते. एवढेंच नव्हे, तर त्यांस जागा करून देण्याकरितां मिल्वॉकीचा स्वतःचा कनिष्ठ दर्जाचा जुना संघ १९५३ सालीं टोलीडो शहरीं रवाना झाला. अर्धशतक त्या संघानें मिल्वॉकीच्या एका लहानशा मैदानावर लोकांची करमणूक केली होती. त्याच्यासाठीं कोणी कोर्टांत गेलें नाहीं.

‘अन्याय झाला’ आणि ‘आमच्यावर अन्याय झाला’ हीं दोन वाक्यें आपण एकाच अर्थानें वापरतों. वस्तुतः त्यांत फार अंतर आहे. पहिलें वाक्य बोलणारा एका नियमाची साक्ष काढतो, आणि तो नियम उद्यां त्यालाहि बांधणार असतो. दुसरें बोलणारा केवळ आपलें दुःख सांगतो. जर्मन तत्त्वज्ञ कांट याची कसोटी सुप्रसिद्ध आहे: आपल्या कृतीमागील नियम सर्वांस लागू व्हावा अशी इच्छा आपणांस धरतां आली पाहिजे. मिल्वॉकीच्या फिर्यादीचा नियम ‘शहराच्या ममत्वाचा भंग करून संघ हलवूं नये’ असा होता. १९७० सालीं तीच कसोटी तिच्यापुढें उभी राहिली, आणि शहर हर्षानें मैदानाकडे धांवलें.

मिल्वॉकीचे कैवारी म्हणतील कीं, पायलट्सचें दिवाळें निघालें होतें, आणि ममत्व रुजण्यास एक वर्ष पुरत नाहीं. हें अगदींच खोटें नाहीं. मरणाऱ्या झाडाचें रोप दुसरीकडे लावणें आणि बहरलेलें झाड उपटणें या दोन गोष्टी सारख्या नव्हेत. परंतु हा भेद परिमाणाचा आहे. पीडितानें आपली पीडा दुसऱ्याच्या पदरांत टाकली म्हणजे पीडा नाहींशी होत नाहीं, तिचा पत्ता बदलतो. आणि मनुष्यस्वभाव असा कीं, आपलें घर सांवरलें म्हणजे तो तिकडे पाहत नाहीं. मिल्वॉकीचे लोक दुष्ट होते असें आम्हांस सुचवावयाचें नाहीं. ते तुमच्याआमच्यासारखे होते, यांतच या उदाहरणाचें गांभीर्य आहे.

तथापि सर्व दोष शहरांवर लादणेंहि बरोबर नाहीं. संघ किती असावेत हें लीग ठरविते, आणि ती संख्या शहरांच्या हौसेपेक्षां नेहमीं कमी राहते. दहा पानांच्या पंगतीस बारा जण बोलावले, कीं एकाचें पान दुसऱ्यानें उचलणें ओघानेंच येतें. या टंचाईचा उपयोग कसा होतो, हें मिल्वॉकीच्याच पुढील इतिहासांत पाहावें. ब्रूअर्स संघास नवें मैदान न मिळाल्यास तो येथें टिकणार नाहीं, असें १९९५ च्या सुमारास सांगण्यांत येऊं लागलें. आसपासच्या पांच कौंट्यांवर शेंकडा एक दशांश इतका विक्रीकर बसविण्याचा कायदा झाला. त्यास प्रथम विरोध करून अखेर मत फिरविणाऱ्या रसीन येथील सिनेटरास मतदारांनीं १९९६ सालीं परत बोलावून पदच्युत केलें. मैदान २००१ सालीं उघडलें. कर २०२० पर्यंत चालला. २०२३ सालीं त्याच मैदानाच्या दुरुस्तीसाठीं सुमारें ५० कोटि डॉलरांच्या सार्वजनिक मदतीचा कायदा झाला, आणि बदल्यांत संघानें २०५० पर्यंत राहण्याचें कबूल केलें. एकदां संघ गमावलेलें शहर नकार देण्यास भितें. आमच्या मतें या सबंध व्यवहारांतील खरें पाप येथें आहे. संघ जाणें हें दुःख आहे, तें कधीं अपरिहार्यहि असेल. परंतु लोकांचें ममत्व ओलीस ठेवून त्याची खंडणी घेणें ही गोष्ट वेगळी. ज्या भावनेनें वस्तूस मोल आणलें, तिचाच फास त्या लोकांच्या गळ्याभोंवतीं आवळला जातो.

असें होणें अटळ आहे काय? मिल्वॉकीच्या उत्तरेस सुमारें ११५ मैलांवर ग्रीन बे नांवाचें लाखभर वस्तीचें गांव आहे. त्याचा ‘पॅकर्स’ हा अमेरिकन फुटबॉलचा संघ १९२३ पासून लोकांच्याच मालकीचा आहे. त्याचे भागधारक आज पांच लक्षांहून अधिक आहेत. त्यांस नफ्याची दमडी मिळत नाहीं, आणि संघ विकलाच तर येणारी रक्कम धर्मादायाकडे जावी अशी तजवीज आहे. त्यामुळें विकण्याचा मोह कोणास होण्याचें कारणच उरलेलें नाहीं. ममत्व आणि स्वामित्व येथें एकाच ठिकाणीं आणून बसविलीं आहेत. परंतु त्या खेळाच्या लीगनें अशी व्यवस्था नव्या संघांस बंद केली आहे. हा एकच जुना अपवाद उरला आहे.

दुसरें उदाहरण खुद्द मिल्वॉकींतलेंच आहे, आणि तें आम्हांस अधिक बोधप्रद वाटतें. कारण तेथें कायदा बदललेला नाहीं, माणूस तेवढा निराळा आहे. ‘बक्स’ हा तेथील बास्केटबॉलचा संघ १९८५ सालीं हर्ब कोल यांनीं १ कोटि ८० लक्ष डॉलरांस घेतला. हे गृहस्थ पुढें संयुक्त संस्थानांच्या सिनेटचे सभासद झाले. २०१४ सालीं त्यांनीं संघ ५५ कोटि डॉलरांस विकला. पण विकतांना संघ मिल्वॉकींतच राहिला पाहिजे अशी अट घातली, आणि नव्या क्रीडागृहासाठीं स्वतःचे १० कोटि डॉलर दिले. त्या क्रीडागृहासहि सार्वजनिक पैसा लागलाच, हें नमूद केलें पाहिजे. तें २०१८ सालीं उघडलें, आणि २०२१ सालीं बक्स राष्ट्राचे अजिंक्य ठरले. कोल यांनीं स्वामित्व सोडलें नाहीं. त्याचा पुरेपूर मोबदलाहि घेतला. परंतु आपण जें विकतों त्यांत दुसऱ्यांचें कांहीं आहे, हें ते विसरले नाहींत. विश्वस्त हा शब्द आम्ही वर वापरला, त्याचा अर्थ याहून निराळा नाहीं.

ही सर्व परदेशची गोष्ट, आपणांस तिचें काय, असें म्हणण्याची सोय आतां राहिलेली नाहीं. २००८ सालीं इंडियन प्रीमियर लीग सुरू झाली, तेव्हां शहराच्या नांवाचा संघ लिलावांत विकत घेण्याची ही अमेरिकन पद्धति आपल्या क्रिकेटमध्येंहि आली. पुण्याच्या नांवाचा पहिला संघ २०११ सालीं खेळूं लागला आणि २०१३ च्या हंगामानंतर नाहींसा झाला. दुसरा २०१६ व २०१७ अशीं दोनच वर्षें होता. दुसऱ्या वर्षीं तो अंतिम सामन्यांत मुंबईकडून एका धांवेनें हरला, आणि पुढल्या वर्षीं त्याचा मागमूस राहिला नाहीं. आपलें ममत्व अजून कोवळें असल्यामुळें त्याचा फारसा गवगवा झाला नाहीं. तें मुरल्यावर आपल्यापुढेंहि हाच प्रश्न येईल. आणि त्या वेळीं आपण ‘अन्याय झाला’ म्हणूं कीं ‘आमच्यावर अन्याय झाला’ म्हणूं, याचा विचार आतांच केलेला बरा.

आमचा निष्कर्ष मर्यादित आहे. ममत्वानें वस्तु आपली होत नाहीं. परंतु ज्यानें आपलें ममत्व मागून घेतलें त्यावर तें कर्तव्य लादतें; आणि ममत्व करणाऱ्यावरहि एक कर्तव्य लादतें, तें हें कीं, आपल्याइतकेंच दुसऱ्याचेंहि ममत्व खरें आहे हें मानावें. पहिलें कर्तव्य चुकविणारे थोडे असतात व ते सहज ओळखूं येतात. दुसरें आपण सर्वच चुकवितों.

हँक ॲरन ब्रेव्जबरोबर अटलांटास गेला होता. १९७५ सालीं तो मिल्वॉकीस परतला, तो ब्रूअर्सचा खेळाडू म्हणून. सिॲटलहून आणलेल्या त्या संघांतून खेळतांना, २० जुलै १९७६ रोजीं, जुन्याच मैदानावर त्यानें चेंडू कुंपणापलीकडे टोलवून आपल्या आयुष्यांतला ७५५ वा आणि शेवटचा ‘होम रन’ काढला. ज्यांनीं टाळ्या वाजविल्या त्यांच्या मनांत त्या क्षणीं कोणत्या संघाची मालकी कोणाची, हा प्रश्न आला नसावा. तो येऊं नये हेंच स्वाभाविक आहे. परंतु टाळ्या थांबल्यावर तरी तो कोणीतरी विचारलाच पाहिजे.